जुनी फोर बाय फोर, इंजिनाची तक्रार: तुम्ही दोष कसा शोधलात?

नाशिक परिसरात जुन्या जीपगाड्यांची कमी नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत प्युजो इंजिनाच्या जीप अजून राबतायत, पेठ-सुरगाण्याकडे डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाड्या दिसतात. स्कॉर्पिओ आणि बोलेरो तर आपल्या नाशिकच्याच कारखान्यात तयार झाल्या. पण गाडीने कुरकुर केली की पहिलं वाक्य ऐकू येतं, "इंजिन खोलावं लागेल." माझं म्हणणं ठाम आहे: दोष नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय इंजिनाला पाना लावू द्यायचा नाही. कोणती गाडी, काय लक्षण, काय तपासल्यावर उलगडा झाला ते प्रत्येकाने लिहावं.

सुरुवात माझ्यापासून. डीआय जीप, रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसायची. एकदा सुरू झाली की दिवसभर तक्रार नाही. डिझेल पंप उतरवायचा सल्ला मिळाला होता. पण एक गोष्ट लक्षात आली: नाक चढाकडे करून लावली की त्रास, उताराकडे लावली की लगेच सुरू. म्हणजे रात्री डिझेल टाकीकडे परत उतरतंय आणि लाइन हवा घेतेय. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात ओढ असते, त्यामुळे तिथे फट असली तरी डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवाच आत जाते. खाली डाग शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही. मी फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक नळी घातली आणि हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा पंप) दाबला. बारीक बुडबुड्यांची माळ सरकताना स्पष्ट दिसली. मग मागे मागे जात टाकीवरच्या रबरी पाइपापर्यंत पोचलो. क्लिपखाली त्याला केसाएवढी चीर होती. पाइप आणि दोन क्लिपा बदलल्या, पंप आहे तिथेच आहे.

निफाड, प्युजो इंजिनाची जीप

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा या इंजिनाची खरी परीक्षा. यात डिझेल आधी लहान चेंबरमध्ये फवारलं जातं, म्हणून थंडीत हीटर प्लगवाचून चालत नाही. सकाळी पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा डिझेलचा वास आणि इंजिन दोन-तीन सिलिंडरवर लंगडतंय, असं असेल तर आधी हीटर बघा. वरची पट्टी काढून एकेक प्लग मल्टिमीटरवर तपासायचा. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. माझे दोन गेले होते.

गरम झाल्यावरही पांढरा धूर राहत असेल, त्याला गोडसर वास असेल आणि कूलंट घटत असेल, तर मात्र विषय हेड गॅसकेटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधल्या सीलचा.

नाशिक रोड, कसारा घाटात तापणारी गाडी

निफाडच्या काकांनी गॅसकेटचा विषय काढला म्हणून लिहितो. माझी गाडी घाट चढताना तापायची, सपाटीला तापमानाचा काटा खाली. गॅरेजात थेट हेड उतरवायची भाषा. त्याआधी घरी तपासलं: इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढलं, गाडी सुरू केली. सतत बुडबुडे येत राहिले असते किंवा झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्याकेल्या रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा कडक झाला असता, तर गॅसकेटवर संशय घेतला असता. तसं काहीच नव्हतं. मग रेडिएटरच्या मागून टॉर्च धरली तर पलीकडे उजेडच येईना. शेतरस्त्यांचा चिखल जाळ्यांत बसून सुकला होता. मागून पुढे पाणी मारून साफ केला, व्हिस्कस फॅनही (गरम झाल्यावर जोरात फिरणारा पंखा) ढिला निघाला, तो बदलला. गरम इंजिनाचं झाकण मात्र कोणीही, कधीही उघडू नका.

इगतपुरी, कार्बोरेटरची जिप्सी

आमच्या पावसात मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच न पेटणं, ठरलेलं. कार्बोरेटर साफ करून घेऊ नका लगेच. रात्री अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा, स्प्रेने पाण्याचा बारीक फवारा मारा. प्लगच्या वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटर कॅपवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतील तिथेच दोष. हात लांब ठेवा.

त्र्यंबक रस्ता, जुनी फोर बाय फोर

"इंजिनातून घुंई आवाज येतो" म्हणून बेअरिंगपर्यंत चर्चा गेली होती. उभ्या गाडीत न्यूट्रलवर रेस दिली, आवाज नाही. चालत्या गाडीत तोच वेग ठेवून गिअर बदलला, आरपीएम खाली आला तरी आवाज तस्साच. म्हणजे आवाज चाकांच्या वेगाशी बांधलेला, इंजिनाशी नाही. शेवटी पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (फिरता सांधा) खराब निघाला. आणि "गाडी ओढत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी फोर व्हीलचा लिव्हर बघावा. डांबरावर पुढचा-मागचा एक्सल एकत्र जोडलेला राहिला तर वळणावर गाडी अक्षरशः अडते.

सिडको, स्कॉर्पिओ सीआरडीई (कॉमन रेल डिझेल)

माझी गरम झाल्यावर सुरू व्हायला अडायची. स्कॅनरवर स्टार्टर मारताना रेल प्रेशर (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या सामायिक नळीतला दाब) कमी दिसत होतं, त्यावरून एका ठिकाणी हाय प्रेशर पंप बदलायचा अंदाज मिळाला, रक्कम ऐकून घाम फुटावा असा. पण प्रेशर कमी म्हणजे पंपच खराब असं नसतं, बनलेलं प्रेशर कुठून तरी निसटतही असेल. दुसऱ्या मिस्त्रींनी चारही इंजेक्टरच्या रिटर्नला पारदर्शक नळ्या लावून सारख्या मापाच्या चार बाटल्यांत सोडल्या. तीन बाटल्यांत तळाशी थोडंसं डिझेल, तिसऱ्या इंजेक्टरची मात्र भराभर भरली. एक इंजेक्टर, बस.

जुन्या जीपवाल्यांना कळकळीने सांगतो: मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात नोझलचे नट एकेक करून ढिले करतात आणि कोणत्या सिलिंडरने फरक पडत नाही ते शोधतात, तसं कॉमन रेलवर करायचं नाही. तिथे प्रेशर हजार बारच्या वर जातं, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

अंबड, डिझेल इंजिनाचं काम करणारा

सगळे क्रमाने गेलात, बरं वाटलं वाचून. हवा, डिझेल, कूलिंग यांत काही सापडलं नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात बघायचा, पण चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत ना, हे जास्त महत्त्वाचं. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर बहुधा मधली गॅसकेट.

एकच कमी असेल तर पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, नोझलच्या जागेतून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. एअर फिल्टरकडे सूं आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंग किंवा बोअर, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट. गाडी गिअरमध्ये आणि चाकाखाली दगड लावून ठेवा, नाहीतर हवेने क्रँक फिरतो.

दिंडोरीची एक कमांडर जीप अशीच आली होती, पूर्ण इंजिन बांधायचं ठरवून. हवा सोडल्यावर ती सायलेन्सरमधून बाहेर पडली. फक्त हेड उतरवलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बदलून सीट लॅप केली (घासून नीट बसवली). बोअर-पिस्टनला हातही लावला नाही.