फ्रान्समधे रेस्टॉरंट आणि हॉटेलचं बिल, नक्की कशाचे पैसे द्यायचे?

फिरस्ता_सांगली:
मंडळी सध्या पॅरिसमधे आहोत, आई-बाबा पण सोबत आहेत. काल मोंमार्त्रला जेवायला बसलो, बाबांना साधं पाणी हवं होतं म्हणून 'वॉटर' म्हणालो तर वेटरने काही न विचारता बाटली फोडून ठेवली आणि बिलात साडेसात युरो लावले. वर कार्डाचं मशीन पुढे करून म्हणतो सर्व्हिस यात धरलेली नाही, टिप निवडा, १०-१५-२० टक्के, आणि तसाच डोक्यावर उभा. बायको म्हणाली देऊन टाका, दिले. बाबांना पैशापेक्षा आपल्याला गंडवलं याचं जास्त लागलंय, रात्री नीट जेवले पण नाहीत. सकाळी हॉटेलवाल्यानेही सिटी टॅक्स वेगळा मागितला, रूमचे पैसे तर आधीच भरलेत! आता पुढे नीसला जायचंय, तिथल्या छोट्या हॉटेलला थेट ईमेल करून अ‍ॅडव्हान्स दिलाय, आईच्या गुडघ्यामुळे जाणं रद्द झालं तर ते पैसे बुडाले का?

लियोंची_मावशी:
टिपचं आधी सांगते, तो वेटर चक्क खोटं बोललाय. इथे मेन्यूवर जी किंमत छापलेली असते त्यात टॅक्स आणि सर्व्हिस दोन्ही धरूनच असतं, तसा नियम आहे, मेन्यूच्या खाली बारीक अक्षरात 'सर्व्हिस कोंप्री' लिहिलेलं दिसेल. टिप फक्त आपल्या खुशीने, मशीनवर ती न देण्याचा पर्याय असतो तो दाबायचा आणि अजिबात संकोच करायचा नाही. पाण्याचं म्हणाल तर जेवणासोबत नळाचं पाणी आणि ब्रेड फुकट मिळतो, पाणी फुकट मागता येतं हे मेन्यूवर नाहीतर फलकावर लिहिणं तर १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं केलंय. पण नुसतं 'वॉटर' म्हटलं की टुरिस्ट भागात बाटलीच येते, 'उन काराफ दो' म्हणजे पाण्याचा जग असं मागा, बाबांनाही शिकवून ठेवा, ते स्वतः मागतील. आणि न मागितलेली बाटली आली तर फोडायच्या आधीच परत पाठवा.

नोमॅड_ठाणे:
सिटी टॅक्स मात्र खरा आहे, तो द्यावाच लागतो. दर माणशी दर रात्री असतो, हॉटेलचे स्टार जास्त तसा दर जास्त, १८ वर्षांखालच्या मुलांना माफ. पॅरिसमधे २०२४ पासून बराच वाढवलाय त्यामुळे आकडा बघून धक्का बसतो. बऱ्याच बुकिंगमधे तो धरलेला नसतो, तिथे गेल्यावर घेतात, पण पावतीवर वेगळा दाखवायला सांगा.

नीसच्या अ‍ॅडव्हान्सचं असं की इथे अ‍ॅडव्हान्सचे दोन प्रकार असतात, हॉटेलने पाठवलेल्या ईमेलमधे 'आर' (arrhes) म्हटलंय की 'आकोंत' (acompte) ते नीट बघा, सगळं त्यावर आहे. काहीच लिहिलं नसेल तर कायद्याने ते 'आर' धरतात, म्हणजे तुम्ही रद्द केलं तर तेवढी रक्कम जाते पण पुढे काही देणं लागत नाही, आणि हॉटेलवाल्याने रद्द केलं तर त्याने तुम्हाला दुप्पट परत द्यायचे. 'आकोंत' असेल तर दोघंही बांधले गेलात, तो उरलेले पैसेही मागू शकतो. ऑनलाइन खरेदीला १४ दिवसांत माघार घेता येते असं कुणी सांगेल, ते ठरलेल्या तारखांच्या हॉटेल बुकिंगला लागू नाही. तेव्हा आत्ताच ईमेल टाका आणि तारीख पुढे ढकलता येईल का विचारा, घरच्या माणसांनी चालवलेली छोटी हॉटेलं कधीकधी ऐकतात.

लियोंची_मावशी:
अजून एक, २५ युरो किंवा जास्तीचं बिल असेल तर तपशीलवार पावती न मागता द्यायलाच हवी, कमी असेल तर मागितली की द्यायची. काल मिळाली का? असेल तर 'सिन्याल-कोंसो' (SignalConso) या सरकारी साइटवर तक्रार टाका, इंग्रजीतही चालते. तक्रार रेस्टॉरंटला कळवली जाते आणि ग्राहक-फसवणूक बघणाऱ्या सरकारी खात्यालाही दिसते. पैसे लगेच परत मिळतील असं नाही, पण अशा तक्रारी साठल्या की तपासणी होऊ शकते, म्हणून सोडू नका.

फिरस्ता_सांगली:
खूप आभार दोघांचे. बिल आहे, आणि बाबांनी आत्ता चष्मा लावून वाचलं तर त्यावरच सर्व्हिस धरलेली आहे असं छापलंय!! तक्रार आजच टाकतोय, तेच शेजारी बसून सांगतायत काय काय लिही ते.

नोमॅड_ठाणे:
मग बिलासोबत कार्डाच्या स्लिपचा फोटोही जोडा, टिपची रक्कम बहुतेक स्लिपवरच दिसते. आणि पुढच्या वेळी मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरोच दाबा, रुपयांत त्यांचा रेट महाग पडतो.