मुलांनीच मजकूर निवडायचा, तर शिक्षक कशाला?

डिचोलीचे निवृत्त शिक्षक: काल एका बाईंनी लिहिलं, 'आठवीच्या मुलांना आठवड्यातून एक तास आवडीचा मजकूर आणू द्या, त्यातूनच ती प्रश्न विचारतील.' वाचल्यापासून बेचैन आहे. ३३ वर्षं मराठी शिकवलं. निवड दिली तर मुलं मोबाईलवरचंच आणणार. ज्ञानेश्वरीची ओवी आपणहून कोण आणेल? अवघड वाचायची सवय वर्गातच लागते.

पेडण्याची शिक्षिका: सर, ते मीच लिहिलं. पुस्तक मिटा असं म्हटलेलं नाही. एका मुलाने मोपा विमानतळाजवळच्या प्लॉटांची जाहिरात आणली. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, 'बाई, यात पाण्याचं काहीच नाही. आमच्याकडे मे महिन्यात टँकर येतो.' ही मुलगी वर्षभर तोंड उघडत नव्हती.

फोंड्याचा पालक: निवड दिली की मुलं इंग्रजीच उचलणार. २०११ मध्ये गोवा सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान दिलं. आमच्या वाड्यावरची मराठी शाळा पट घटून बंद पडली, त्यावर बोला.

मडगावची आई: आणि कोंकणी? १९८७ च्या कायद्याने तीच गोव्याची राजभाषा आहे.

फोंड्याचा पालक: त्याच कायद्यात सरकारी कामकाजाला मराठीही आहे, ते का गाळता? माझे आजोबा पोर्तुगीज अमलात मराठी शिकले. घरी कोंकणी बोलायचे, अडलं नाही.

मडगावची आई: आजोबांना नमस्कार. माझ्या मुलीला तिसरीत घरची भाषा बोलली म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं. मी ते विसरणार नाही.

साखळीचा तरुण: भाषेवरून नंतर भांडा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं तेव्हा मी दहावीत होतो. खाणी थांबल्या, खनिज वाहणारा बाबांचा ट्रक दारात उभा. वर्गात शिकवलं, खाणीने डोंगर पोखरले. खरंच आहे, आमची विहीर आटली होती. पण ट्रकचा हप्ता कोण भरणार? दोन वर्तमानपत्रांची कात्रणं नेली. 'अभ्यासक्रमात नाही' म्हणून परत मिळाली. पुन्हा वर्गात प्रश्न विचारला नाही.

डिचोलीचे निवृत्त शिक्षक: माझ्याही वर्गात तेव्हा ट्रकवाल्यांची मुलं होती. कात्रणं आणा म्हणायचं मला सुचलं नाही, एवढं मान्य. पण दोन बातम्या शेजारी ठेवून कुठलं वाक्य कुणाकडे झुकतंय, हे दाखवायला शिक्षकच लागतो. एक मजकूर मुलांचा, तर एक माझा.

पेडण्याची शिक्षिका: चालेल सर. आधी त्यांचा.