आनापान करताना वासना उसळली तर दाबायची का?

प्रश्न: आनापानाला (श्वासावर लक्ष ठेवण्याच्या ध्यानाला) बसलं की हव्याशा गोष्टींचे विचार घेरतात. जोर लावून दाबायचे की नुसते बघायचे? पंचशीलाचा (हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं, नशा टाळण्याच्या पाच नियमांचा) याच्याशी संबंध किती?

उत्तर १: दाबणं हा शेवटचा उपाय. मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातल्या वितक्कसंठान सुत्तात पाच उपाय क्रमाने दिलेत: आधी दुसरा कुशल (चांगला, हितकारक) विषय धरा. नाही जमलं तर त्या विचाराचे दुष्परिणाम पाहा, मग दुर्लक्ष करा, मग त्याची घडण हळूहळू शांत करा. हे सगळं फसल्यावरच दातावर दात, जीभ टाळूला लावून दाबायचं. बरेच जण पाचव्यापासूनच सुरू करतात आणि मन आणखी पेटतं.

उत्तर २: ‘नुसतं बघण्यात’ही गफलत होते. हवी ती वस्तू मनात बघत बसलात तर तृष्णाच पोसली जाते. लक्ष वेदनेवर आणा, म्हणजे दुखण्यावर नव्हे, तर जे काही जाणवतं त्यावर: छातीत, पोटात काय जाणवतंय, सुखद की दुःखद? प्रतीत्यसमुत्पादात (दुःख कशातून कसं उपजतं याच्या बौद्ध साखळीत) वेदनेतून तृष्णा उपजते, म्हणून काम तिथेच करायचं.

उत्तर ३: शीलाचा संबंध थेट आहे. खोटं बोललेलं मन बसल्यावर तेच उगाळतं. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या दुसऱ्या संग्रहातला क्रम बघा: शीलामुळे पश्चात्ताप उरत नाही, त्यातून प्रमोद (आनंद), प्रीती (उल्हास), प्रश्रब्धी (शांतपणा), सुख, मग समाधी (एकाग्रता). आणि कुशल करण्याचा छंद, म्हणजे इच्छा, तृष्णेत मोजू नका, तो हवाच.