शब्दचर्चा: ‘रिअल एल पब’ मराठीत कसं लिहावं?

प्रश्न: केंब्रिजवरचा एक प्रवासलेख मराठीत आणते आहे. मिल रोडपासून आत वळणाऱ्या ग्विडिर स्ट्रीटवरच्या ‘केंब्रिज ब्लू’ या पबवर त्यात दोन पानं आहेत. एल हा बिअरचाच एक प्रकार, मग ‘रिअल एल’ला ‘खरी बिअर’ म्हणू का? ‘साइड स्ट्रीट’ म्हणजे बोळ की आळी? आणि ‘पब’साठी ‘गुत्ता’ चालेल?

उत्तर: ‘गुत्ता’ अजिबात नको. तो मुळात मक्त्याचा शब्द. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. दारूविक्रीच्या मक्त्यावरून दुकानालाच ते नाव चिकटलं, आणि त्यात मान खाली घालून आत शिरण्याचा भाव आला. ‘पब’च ठेवा. फक्त पुण्या-मुंबईच्या वाचकाला पब म्हटलं की अंधार, दणदणाट आणि नाच आठवतो, म्हणून पहिल्याच परिच्छेदात चित्र नीट उभं करा. ‘पब्लिक हाउस’मधलं ‘हाउस’ महत्त्वाचं आहे. ग्विडिर स्ट्रीटवर भिंतीला भिंत लागून विटांच्या घरांची ओळ आहे आणि हा पब त्याच ओळीत बसतो. मी गेलो त्या दुपारी एक आजोबा वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते, त्यांचा कुत्रा टेबलाखाली झोपला होता.

बोळ फार अरुंद होईल आणि आळी म्हटलं की आपला गाव डोळ्यांपुढे येतो. ‘आतला रस्ता’ म्हणा.

आता ‘रिअल एल’. ‘खरी बिअर’ने काहीच कळत नाही. १९७० च्या सुमाराला मोठ्या कंपन्या गाळलेली, तापवून जंतुमुक्त केलेली, वायूच्या दाबाने नळाला येणारी बिअर सगळीकडे पाठवत होत्या. त्याविरुद्ध १९७१ मध्ये कॅम्रा ही ग्राहकांची संघटना उभी राहिली आणि ‘रिअल एल’ हे शब्द तिनेच रुळवले. ‘रिअल’ हा त्या भांडणातला शब्द आहे. पेयाचं वर्णन करायचं तर गोष्ट अशी, की यातलं यीस्ट मेलेलं नसतं. पीप पबच्या तळघरात येतं, तिथे एल आणखी थोडी आंबते, गाळ खाली बसतो, चव तयार होते. यासाठी आपल्याकडे लोणच्याचं क्रियापद तयार आहे, मुरणे. ‘पिपात मुरलेली एल’ म्हणा. (बिअरप्रमाणे एलही स्त्रीलिंगीच बरी वाटते.) पीप हा शब्दही पोर्तुगीज ‘पीपा’वरून आपल्याकडे कधीचाच रुळला आहे.

आणखी एक, ‘हँडपंप’ला हापसा म्हणायला कचरू नका. पबवाला लाकडी मूठ पकडून सावकाश, लांब ओढ घेतो, दोन-तीन ओढींत तळघरातली एल वर येऊन ५६८ मिलिलिटरचा पाइंट भरतो. हापसणं ते हेच.

भर: गोव्याच्या वाचकांसाठी ‘तावेर्न’ हा शब्द जवळचा आहे. वाड्यावरचा, ओळखीच्या माणसांचा, संध्याकाळी टेकायचा. तुलनेला घ्या, नावाच्या जागी नको. तिथे फेणी येते, एल नाही. आणि एल ‘कोमट’ असते असं कुणी लिहिलं असेल तर ते खोडा. तळघर साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअसवर ठेवतात. फ्रिजची थंडगार नव्हे, माठातल्या पाण्यासारखी गार म्हणा. शाकाहारी वाचकांसाठी एक टीपही द्या: पिपातली एल निवळावी म्हणून पुष्कळदा माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ घालतात, तेव्हा मागवण्याआधी विचारलेलं बरं.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. मी वाक्य असं केलं: ‘मिल रोडवरून आतल्या रस्त्याला वळलं की घरांच्या ओळीतच हा जुना पब लागतो, इथे पिपात मुरलेली एल हापशाने ओढून देतात.’ एकच अडलं आहे. लेखात ‘लँडलॉर्ड’ आलाय. घरमालक लिहू?

उत्तर: नको, अर्थच उलटा होईल. पबचा ‘लँडलॉर्ड’ पुष्कळदा स्वतःच भाडेकरू असतो, इमारत एखाद्या ब्रुअरीची किंवा कंपनीची असते. पीप कधी फोडायचं, किती दिवसांत संपवायचं हे तो बघतो. ‘पबवाला’ लिहा. वाक्य छान झालंय, फक्त ‘जुना’च्या जागी ‘जुन्या वळणाचा’ करा.