एन्झाइम निरोगी पेशींतही असतं, मग उजेड फक्त गाठीतच का पडतो?

डिचोलीहून
नमस्कार. मी टीवाय बीएस्सीला, केमिस्ट्री. चवथीच्या आधी मावशीच्या स्तनातली गाठ काढली. बारा दिवसांनी रिपोर्ट आला, एका कडेला कॅन्सरच्या पेशी राहिल्यात. चवथ झाल्याझाल्या पुन्हा ऑपरेशन. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, दरवर्षी ती बांधते, यंदा मी बांधली. तेव्हापासून एकच मनात येतं, ती कड त्याच वेळी दिसली असती तर?

शोधताना उरानो आणि कोबायाशी या संशोधकांचं 2011 चं काम सापडलं. उंदरांच्या पोटात प्रोबचा, म्हणजे ठरावीक एन्झाइम भेटलं की चमकणाऱ्या रेणूचा, फवारा मारला की अंडाशयाच्या कॅन्सरच्या बारीक गाठी काही मिनिटांत हिरव्या उजळतात. शनिवारी बाबांच्या दुकानात नोटा तपासायच्या दिव्याखाली टॉनिक वॉटरचा ग्लास धरला. क्विनाइनमुळे निळाशार झाला. मीठ टाकलं तर खडे पडतील तिथून निळं विझत गेलं. प्रोबचं असंच असतं का? आणि शीर्षकातला प्रश्न आहेच.

पठारावरचा
मिठाने तू दिवा विझवलास. क्लोराइडमुळे क्विनाइनची ऊर्जा प्रकाश न होताच निघून जाते. प्रोबचं उलट, आधी अंधार. रोडामीनच्या जातीच्या रंगाला ग्लुटामेट जोडलेलं असतं. ते आहे तोवर रेणूतलं एक कडं मिटलेलं, म्हणून रंग नाही, चमक नाही. पेशीच्या बाहेरच्या अंगाला जीजीटी, म्हणजे गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सपेप्टिडेज असतं. ते ग्लुटामेट छाटतं, कडं उघडतं आणि निळ्या प्रकाशात रेणू हिरवा चमकतो. एकच एन्झाइम असे कितीतरी रेणू छाटत राहतं, म्हणून मिलिमीटरभराची गाठही नजरेत भरते.

अशा गाठींत जीजीटी जास्त, म्हणून त्या उजळतात, पण निरोगी ठिकाणीही उजेड पडतोच. मूत्रपिंडात जीजीटी भरपूर, तिथे फवारलंस तर धडधाकट मूत्रपिंडही उजळेल. उलट ज्या गाठीत जीजीटी कमी, ती अंधारातच राहील. प्रोबला कॅन्सर कळत नाही, छाटणी झालेली तेवढी कळते. म्हणून कुठल्या गाठीसाठी कुठलं एन्झाइम धरायचं, हेच खरं अवघड काम.

स्लाइडवाली
मावशी कशी आहे गं? मी पॅथॉलॉजीत आहे. ऑपरेशन चालू असताना तुकडा गोठवून बघता येतो, पण स्तनात चरबी फार, ती नीट गोठत नाही, काप फाटतात. म्हणून मेणाचा ब्लॉक करावा लागतो आणि दिवस जातात. त्या दिवसांत घरच्यांचं काय होतं ते काउंटरवर रोज बघते.

तुझ्या मनातलं औषध निघालंय. लुमिसाइट, 2024 साली अमेरिकेत परवानगी मिळाली. ऑपरेशनच्या 2 ते 6 तास आधी शिरेतून देतात. कॅथेप्सिनसारखी एन्झाइम्स ते छाटतात. गाठ काढल्यावर राहिलेल्या पोकळीत कॅमेरा धरून कडा तपासतात. जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते, असा ठळक इशारा त्यावर आहे. आणि कड उजळली नाही म्हणून तुकडा तपासायचा राहत नाही, तो आमच्याकडे येतोच.

डिचोलीहून
मावशी बरी आहे ताई, रेडिएशन चालू आहे. सर, अंधारातून उजेड होताना बघायचंय. प्रोजेक्टला काही जमेल?

पठारावरचा
जमेल. फ्लोरेसिन डायॲसिटेट घे, चमकत नाही. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, चमचाभर यीस्ट आण. यीस्टमधली एस्टरेज नावाची एन्झाइम्स त्याचे दोन्ही ॲसिटिल गट छाटतात आणि पेशी हिरव्या होतात. दिवा निळा हवा. शेजारी उकळून मारलेलं यीस्ट ठेव, ते काळंच राहायला हवं. नाही राहिलं तर मला लिही.