बेळगावच्या बस आराखड्यात आधी लोक की आधी नकाशा?

वडगावकर
हुबळी-धारवाडची चिगरी बस 2020 च्या फेब्रुवारीत रीतसर सुरू झाली. सुमारे 22 किलोमीटरचा बससाठीचा खास मार्ग, मधोमध स्टेशनं. उद्या बेळगावातही असं काही मोठं करायचं ठरलं, तर नकाशावर रेघ ओढायच्या आधी लोकांना विचारा, एवढंच माझं म्हणणं. नेहमी काय होतं? सल्लागार येतात, चार चौकांत गाड्या मोजतात, जाडजूड अहवाल होतो आणि मग कुठल्या तरी हॉलमध्ये कामाच्या दिवशी सकाळी 11 वाजता ‘सूचना व हरकती’. वडगाव-खासबागचा विणकर माग बंद ठेवून तिथं जाणार? उद्यमबागेत फौंड्रीच्या पाळीला जाणारा पगार कापून घेणार? जातात ते निवृत्त लोक आणि नगरसेवकाची माणसं. झाली जनसुनावणी!

टिळकवाडीचा इंजिनिअर
ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात प्रत्येकाला स्टॉप जवळ पाहिजे, पण आपल्या दुकानासमोर नको. शहरात 58 वॉर्ड. 58 बैठका घ्या, 58 मार्ग निघतील आणि सगळे सीबीटीवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, येऊन अडकतील. कुठून कुठं किती लोक जातात हे कंडक्टरच्या तिकीट मशीनमध्ये असतं, ते काढा आणि कामाला लागा. हलगा-मच्छे बायपासचं काय झालं आठवतंय ना? विरोध, कोर्ट, स्थगिती, वर्षानुवर्षं लोंबकळलं.

वडगावकर
हे उदाहरण तुम्ही उलटं धरलंय. पिकाऊ जमिनीतून रस्ता जाणार हे शेतकऱ्याला कधी कळलं? रेघ पक्की झाल्यावर. मग त्याच्या हातात कोर्टाशिवाय काय उरतं? आधी बसून बोलला असता तर दुसरी वाट निघाली असती की नाही हे मी सांगू शकत नाही, पण बोलायची जागा तरी असती.

हिंडलग्याची सून
मशीनचा आकडा मलाही मान्य आहे, पण मशीन चढलेल्यांचं तिकीट काढते. स्टॉपवर राहिलेल्यांचं कोण काढतं? आमच्याकडून सकाळी भाजीच्या बुट्ट्या घेऊन बायका बाजाराला निघतात. बसची पायरी उंच. एकीनं आधी वर चढायचं, दुसरीनं खालून बुट्टी द्यायची, तोवर मागून हॉर्न आणि कंडक्टरची बोलणी. बुट्टी दोन असल्या की ‘मागच्या गाडीनं या’. मग चौघी मिळून रिक्षा करतात. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना प्रवास फुकट आहे, तरी या बायका रिक्षाला पैसे मोजतात. तुमच्या अहवालात त्या ‘रिक्षा पसंत करणारे प्रवासी’ म्हणून लागणार! पायरी किती उंच हवी, बुट्टी कुठं ठेवायची, हे त्यांना बाजारात जाऊन विचारा. हॉलमध्ये बोलवू नका, त्या येणार नाहीत.

टिळकवाडीचा इंजिनिअर
पायरीचा मुद्दा घेतला. गाडी बुटकी घ्या, सोपं आहे. त्यासाठी मार्गाचं मतदान कशाला?

कॅम्पातला
विचारायचं ठरलं तरी विचारणार कोण? बस वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाची, रस्ता महापालिकेचा, कॅम्पात शिरला की कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, नव्या वसाहतींचा आराखडा बुडाकडे, म्हणजे नगरविकास प्राधिकरणाकडे. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. 3 लाखांवर वस्तीच्या शहरात वॉर्ड समित्या असाव्यात असं घटनेच्या 243एस कलमात आहे. त्यांना कामाला लावा, नवीन समिती नको. आधीच कमी आहेत का!

गल्लीतला गडी
ते सगळं ऱ्हाऊ दे. रस्त्याच्या मधी रेलिंग घालून बसची लेन करूलालेत म्हटल्यावर शिवजयंतीचे चित्ररथ कुठनं न्यायचे? गणपती विसर्जनाला कपिलेश्वर तलावाला कुठनं जाणार? हे बेंगळूरच्या सल्लागाराला कोण सांगणार? रेलिंग काढता-घालता येणारं करा म्हणून मंडळांना आधीच विचारलं तर बिघडतंय काय?

टिळकवाडीचा इंजिनिअर
दोन दिवसांच्या मिरवणुकीसाठी 363 दिवसांची बस अडवायची?

गल्लीतला गडी
अडवा कोण म्हणालं? नट-बोल्ट लावा म्हणालो.

शहापूरचा वाचक
नोटीस मराठीतही पाहिजे, हे कुणीच कसं लिहिलं नाही? 15 टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं महत्त्वाची कागदपत्रं त्यांच्या भाषेतही द्यायचा संकेत जुनाच आहे. माझ्या आईला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. तिची हरकत असेल तर ती कशावर घेणार?

कॅम्पातला
झालं. आता बस बाजूला आणि कन्नड-मराठी फलकांचा वाद पुढं. दोन्ही बाजूचे पुढारी याचीच वाट बघत असतात.

शहापूरचा वाचक
पुढाऱ्यांना ओढू नका. कन्नडमध्ये छापा, खाली मराठी छापा, उर्दूही छापा. कागद थोडा जास्त लागेल.

वडगावकर
अहमदाबादला 2009 मध्ये जनमार्ग ही अशीच खास मार्गाची बस सुरू झाली, तेव्हा पहिले तीन महिने फुकट फिरवून लोकांचं म्हणणं घेतलं होतं. आपण एकच मार्ग धरू, वडगाव ते उद्यमबाग. चालवून बघू, लोक बोलतील, मग काँक्रीट ओतू.

टिळकवाडीचा इंजिनिअर
हे काँक्रीटआधी असेल तर मी तयार आहे. पण तीन महिने फुकट फिरवायचे पैसे कोण देणार?

हिंडलग्याची सून
बायकांना आताही फुकटच आहे. राहिले पुरुष. तेवढ्यांचा हिशेब काढा, मग बोलू.