जुनी गाडी मधेच मिसिंग करते: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी ३०४: सगळ्यांना नमस्कार. आमची जुनी पेट्रोल गाडी मधेच मिसिंग करते, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाही. छान चाललेली असते आणि अचानक झटके सुरू होतात. पिवळा इंजिनचा दिवा लुकलुकतो, थोड्या वेळाने सगळं आपोआप ठीक. प्लग नवीन घातले, फरक नाही. मेकॅनिक म्हणतो आता पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बदलू, नाहीतर पेट्रोल पंप. त्याच्यासमोर मात्र एकदाही झटका देत नाही. कोणी सांगू शकेल का?

ए १०२: टाकीत पाणी गेलं असेल.

सी ४०१: एअर फिल्टर बघितला का?

बी ३०४: हो ताई, फिल्टर स्वच्छ आहे. पेट्रोलही नेहमीच्याच पंपावरचं.

ए ५०१: अगं, इंजेक्टरला हात लावू देऊ नकोस अजून. आधी मला सांग, झटके नक्की कधी येतात? सकाळी थंड असताना की तापल्यावर? उभ्या गाडीत की चालत्या? चढावर? पावसात जास्त? वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं काढली त्यावरून सांगतो, मधूनच येणारा बिघाड पार्ट बदलून सापडत नाही. तो कधी येतो हे धरलं की अर्धं निदान तिथेच होतं.

बी ३०४: काका, नीट लक्ष दिलं नाही कधी. पण चढावर नक्की. स्पीडब्रेकरनंतर गिअर न बदलता ॲक्सिलरेटर दाबला की पण. सिग्नलला उभी असताना अजिबात नाही. थंड-गरम दोन्ही वेळा होतं.

ए ५०१: हे फार कामाचं सांगितलंस. चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने दाबलं की सिलेंडरमध्ये हवा भरपूर जाते, दाब वाढतो. त्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगला हे व्होल्टेज देणारी कॉइल किंवा प्लगवर बसणारी तिची रबरी टोपी कमजोर असेल तर करंट फटीतून उडी मारायच्या ऐवजी बाजूने सोपी वाट शोधून इंजिनच्या धातूत निघून जातो. आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, दाब कमी, तेव्हा तीच कॉइल बिनतक्रार काम करते. म्हणून मेकॅनिकच्या दारात उभी गाडी कितीही रेझ केली तरी काही दिसत नाही.

इंजिनच्या हवेच्या वाटेला जोडलेल्या व्हॅक्यूम पाइपला चीर असेल तर बरोबर उलटं होतं. आयडलिंगला इंजिन हवा घेतंच थोडी, त्यात चोरून आलेली हवा मोठी ठरते, गाडी थरथरते. ॲक्सिलरेटर दाबला की तेवढी हवा किरकोळ होते आणि गाडी सुधारते. तुझं तसं नाही.

ए १०२: मग पेट्रोल पंप का नाही काका? जोर लावल्यावर पेट्रोल कमी पडत असेल.

ए ५०१: शक्यता आहे, नाही म्हणत नाही. पण पंप किंवा फिल्टर चोंदला तर चारही सिलेंडर उपाशी राहतात. गाडी एकसारखी दमते, लांब पळवल्यावर ओढत नाही. एकच सिलेंडर सुटला तर ठोक्याला ठोका धरून लयीत झटका बसतो. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर कोणाकडे आहे का ग्रुपवर? मेकॅनिकने लावला होता का गं?

बी ३०४: नाही. दिवा विझला होता म्हणून म्हणाला, काही दिसणार नाही.

ए ५०१: दिवा विझला तरी कोड बराच काळ मेमरीत राहतो. फक्त बॅटरीची वायर काढू नका कोणी, सगळं पुसलं जाईल.

बी २०१: माझ्याकडे ब्लूटूथचा छोटा स्कॅनर आहे. संध्याकाळी खाली येतो.

ए ५०१: उत्तम. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम पण बघ. बिघाड नोंदला त्या क्षणी आरपीएम किती, लोड म्हणजे इंजिनवर जोर किती, इंजिन किती तापलं होतं, हे त्यात असतं. पी ०३०० आलं तर मिसिंग कुठल्याही सिलेंडरला होतंय. ०३०१ ते ०३०४ आलं तर शेवटचा आकडा म्हणजे सिलेंडरचा नंबर. पी ०१७१ सोबत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, मग ए १०२ म्हणतात त्या बाजूला वळू.

आणि एक, मनापासून सांगतो. दिवा नुसता लागलेला राहिला तर सावकाश घरी आणता येतं. लुकलुकायला लागला की लगेच पाय हलका कर, बाजूला घे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. एका कॉइलचं दुखणं भलत्याच मोठ्या खर्चावर जातं.

डी ६०३: आम्ही पूर्वी चालू इंजिनवर एकेक प्लगची वायर ओढून बघायचो. जिच्याने आवाज बदलत नाही तो सिलेंडर मेला.

ए ५०१: भाऊ, ते आता कृपा करून नको. हजारो व्होल्ट असतात, माणसालाही झटका आणि कॉइलही जाते. बघायचंच तर इंजेक्टरचं कनेक्टर काढून बघतात. पण इथे त्याचीही गरज नाही.

बी २०१: स्कॅन केला. पी ०३०२. फ्रीझ फ्रेममध्ये आरपीएम १५८०, लोड ८८ टक्के, इंजिन ९१ डिग्री. दुसरा कोड नाही.

ए ५०१: वा! आता अंदाज नको, कॉइलची अदलाबदल करा. इंजिन पूर्ण थंड होऊ दे, चावी काढून ठेवा. २ नंबरची कॉइल ३ वर, ३ ची २ वर. बाकी कशालाही हात नाही, प्लगही जागेवरच. १० नंबरचा पाना पुरतो. कनेक्टरचं लॉक जुन्या प्लॅस्टिकचं आहे, कडक झालेलं असतं, अंगठ्याने हळूच दाबून काढा नाहीतर कट्कन तुटेल. मग कोड पुसा आणि त्याच चढावर तसंच दाबून न्या. कोड ०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर गेला, कॉइलच खराब. ०३०२ च राहिला तर प्लग, इंजेक्टर, वायरिंग, शेवटी कॉम्प्रेशन (सिलेंडर दाब धरतो का), या क्रमाने.

बी ३०४: काका, आत्ताच जाऊन आलो. चढावर झटका आला आणि कोड पी ०३०३!! आणि हा फोटो. २ नंबरची कॉइल काढली तेव्हा तिची रबरी टोपी तेलाने ओली होती. प्लग ज्या खोल नळीत बसतो तिच्या तळाशीही तेल.

ए ५०१: फोटो मोठा करून बघा सगळ्यांनी. टोपीच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक करडी रेघ वरून खाली गेली आहे. ती करंटची चोरवाट. एकदा कार्बनची रेघ जळून उमटली की पुसून जात नाही, दर वेळी करंट तिथूनच पळतो. समोरच्या प्लगच्या चिनीमातीवरही तशीच रेघ असणार, नवीन असला तरी. म्हणून नुसते प्लग बदलून उपयोग झाला नाही.

तेल आलं कुठून ते महत्त्वाचं. इंजिनच्या वरच्या झाकणाचं, म्हणजे टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि प्लगच्या नळ्यांचे सील कडक झालेत. नुसती कॉइल घातलीस तर तेल तिचंही रबर फुगवेल आणि काही महिन्यांनी पुन्हा हाच मेसेज लिहावा लागेल. आधी पॅकिंग आणि सील, मग नळी कोरडी पुसून कॉइल आणि २ नंबरचा प्लग. बाकीच्या तीन टोप्यांत रेघ नसेल तर त्या कॉइल अजिबात बदलू नकोस.

बी ३०४: आणि इंजेक्टर?

ए ५०१: त्यांनी काहीच केलेलं नाही. मेकॅनिकला कोड आणि फोटो दाखव, वाद घालू नको. पुरावा समोर असला की तोही नीट काम करतो.

सी ४०१: काका, आमची गाडी गॅसवर झटके मारते, पेट्रोलवर नाही. तेच असेल का?

ए ५०१: गॅसला ठिणगीसाठी व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे कमजोर प्लग-कॉइल आधी गॅसवर उघडी पडते. तिथून सुरुवात करू. पण तापल्यावर आयडलिंगलाही थरथरत असेल तर टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्हला सोडलेली बारीक फट तपासावी लागेल, गॅसवर व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते आणि ती फट कमी होते. आणि कूलंट कमी होतंय का तेही बघ ताई. सकाळी पहिल्या स्टार्टला थोडा वेळ मिसिंग, पांढरा धूर आणि कूलंट कमी, असं तिन्ही एकत्र असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग गेलं असेल, त्यात उशीर नको. कधी होतं ते आधी लिहून कळव.